सात दहाला विझलेला आकडा

१

रविराज डोखे तेरा हजार फुटांवरून खाली आला आणि पाठीवरच्या दोन छत्र्यांपैकी एकही उघडली नाही.

कान्हूरच्या पठारावर, विमानातून उड्या मारणाऱ्यांच्या क्लबच्या धावपट्टीपासून अर्ध्या किलोमीटरवर, ज्वारीच्या रानात तो सापडला. बॅग पाठीला आवळलेली होती आणि पट्टे जागच्या जागी होते. चौदाशे उड्या मारलेला माणूस, आणि बॅग मात्र नुकतीच कपाटातून काढल्यासारखी. ही रविवारची सकाळी सव्वाआठची गोष्ट. संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यात गुन्हेगार ठरलाही होता. म्हणजे ठरली होती.

मोनिका ठुबे, वय बत्तीस, राहणार तिथलीच. नगरला शिवणाचा क्लास केलेली बाई. उडी मारून आलेल्या मंडळींच्या छत्र्या ताडपत्रीवर पसरायच्या, घड्या घालायच्या आणि बॅगेत भरायच्या, हे काम ती पाच वर्षं करत होती. क्लबात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे ‘पॅकर’ म्हणत.

“तिनं भरलेली छत्री उघडली नाही. आणखी काय पुरावा हवाय तुम्हाला?” रविराजची बायको निकिता ठाण्यात उभ्यानंच म्हणाली होती. ती पुणतांब्याहून आली होती, चपला वेगवेगळ्या जोडातल्या होत्या, आणि तिला कुणी बसा म्हटलं तरी ती बसली नव्हती. “त्या बाईला आत टाका. तोवर मी इथून हलणार नाही.”

क्लबचा मुख्य प्रशिक्षक सहादेव काळोखे. फौजेतून आलेला, चार हजार उड्या पुऱ्या केलेला, सगळ्यांचा ‘दादा’. त्यानं जबाबात एवढंच दिलं की पॅकिंगमध्ये दोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही. शक्यता नाकारता येत नाही! हे असलं वाक्य बोलायलाही चार हजार उड्या लागत असाव्यात.

सहायक निरीक्षक जयमाला साळवे हिच्याकडे तपास आला. आकाशातून उड्या मारणं हा प्रकार तिनं आजवर फक्त मोबाईलवर पाहिलेला. हवालदार पुंजारामनं मोनिकाचा जबाब घेतला, चार ओळींचा. जयमालानं आठ कागदांबरोबर त्याच्यावरही सही केली आणि मुद्देमालाच्या खोलीत जाऊन मृताच्या बॅगेला चिठ्ठी बांधायला बसली. बॅगेच्या मानेपाशी नखाएवढी काचेची खिडकी होती, तिच्यात एक शून्य दिसत होतं. ती चिठ्ठीची गाठ मारत असताना ते शून्य तिच्या डोळ्यांदेखत विझलं. बॅटरी गेली असेल, असं तिला वाटलं. तरी हाताची सवय म्हणून तिनं नोंद केली : सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे, आकडा बंद.

थोड्याच वेळात वरच्या साहेबांचा फोन आला. बातमी वाहिन्यांपर्यंत गेली होती. “बुधवारपर्यंत त्या पॅकर बाईची अटक दाखवा,” साहेब म्हणाले. “जास्त खोलात जायची गरज नाही.”

२

सोमवारी सकाळी जयमाला मैदानावर गेली. क्लब बंद होता. ताडपत्रीच्या कडेला मोनिका एकटीच बसली होती, काम नसतानाही. घरी बसली तर शेजारणी येऊन बघून जात होत्या.

“मला एकदा भरून दाखव छत्री,” जयमाला म्हणाली.

मोनिकानं एक छत्री ओढली. दोऱ्या हातात घेऊन खांद्यावर टाकल्या, कापडाचे पदर एकेक करून सोडवले, छातीशी धरून गुडघ्यांनी त्यातली हवा दाबून काढली. बारा मिनिटांत एवढं मोठं कापड उशीएवढं झालं. जयमालानं बायकांना साड्यांच्या घड्या घालताना पाहिलं होतं, पण इतक्या आदरानं कापडाला हात लावताना पाहिलं नव्हतं.

“आता ही उघडती कशी?”

“ह्यो गोंडा बगा.” मोनिकानं बॅगेच्या तळाशी कमरेजवळच्या एका खिशाकडे बोट दाखवलं. “ह्यो धरून वढायचा अन् वाऱ्यावर फेकायचा. ह्याच्यासंगं बारकी छत्री भाईर येती, ती मोठीला वढून काढती.”

“आणि नाही ओढला तर?”

“तर मंग कशी उघडंल? कापडाला काय कळतंय, मॅडम.”

जयमालाला कालची बॅग आठवली. काल तिनं ज्या बॅगेला चिठ्ठी बांधली तिचा गोंडा खिशात पार आतवर होता. तिनं ठाण्यात फोन लावून पुंजारामला बघायला सांगितलं. त्यानं बघितलं. गोंडा जागेवर होता, हात लागल्याची खूणसुद्धा नव्हती.

पॅकिंग चुकलं तर छत्री गुंतते, फाटते, अर्धवट उघडते. इथं तिला कुणी उघड म्हटलंच नव्हतं. मोनिकानं भरलेली छत्री शेवटपर्यंत शहाण्यासारखी बॅगेत बसून राहिली होती.

“आणखी काही सांगायचंय तुला?”

मोनिकानं मान वर केली नाही. “काल सांगितलंच की समदं. परत परत काय सांगू?”

तिच्या आवाजात रुसवा होता तो जयमालाला कळला, पण कशाचा ते कळलं नाही. चौदाशे वेळा जो माणूस तो गोंडा ओढतो, त्यानं त्या दिवशी हातही का लावला नाही, हाच प्रश्न तिच्या डोक्यात घोळत होता.

३

रविराजबरोबर त्या फेरीत आठ जण होते. खाली येता येता त्याच्या सर्वांत जवळ होती दिशा, पुण्याची, चारशे उड्यांची मुलगी. ‘काही दिसलं नाही’ असा तिचा जबाब होता. आठच्या आठ जबाबांत हेच शब्द, याच क्रमानं. मृताच्या हेल्मेटवर काळ्या रंगाचा ओरखडा होता, म्हणून जयमालानं तिला ठाण्यात बोलावलं आणि येताना हेल्मेट आणायला सांगितलं.

दिशानं ते टेबलावर ठेवलं. हेल्मेट काळं होतं. कपाळाच्या बाजूला तडा गेला होता आणि तड्यात पिवळा रंग भरला होता.

“रविराजचं हेल्मेट पिवळं होतं,” जयमाला म्हणाली.

मग दिशा जी रडायला लागली ती थांबेना. वर सगळ्यांनी हातात हात धरून गोल करायचा होता. ती जरा वरून, जरा जास्त वेगात आली. डोक्यावर डोकं आदळलं. तिला क्षणभर काजवे दिसले. रविराजचे हातपाय मात्र एकदम सैल पडले.

“मी त्याच्या मागे गेले. खरंच गेले. पण ठरलेल्या उंचीवर मला माझी उघडावी लागली, नाहीतर मीही... मग मी वरून बघत राहिले. शेवटपर्यंत बघितलं मी.”

“आणि ‘दिसलं नाही’ असं सांगितलंस.”

“दादा म्हणाले, अपघात झाला म्हटलं की सरकार मैदान बंद करेल, खेळच संपेल. म्हणाले, पॅकरचं मी बघतो, तिला काही होणार नाही.”

काही होणार नाही! एका बाईला तुरुंगात घालायला निघालेल्या माणसानं दिलेला हा शब्द, आणि शिकलेल्या मुलीनं तो खिशात घातला होता.

“पण मॅडम, तो वाचायलाच हवा होता,” दिशा डोळे पुसत म्हणाली. “अशा वेळेसाठीच तर बॅगेत यंत्र असतं. माणूस बेशुद्ध असला, तरी जमिनीपासून साडेसातशे फुटांवर तो अजून वेगानं पडतोय असं कळलं की यंत्र आपण होऊन दुसरी छत्री उघडतं. आणि त्याचं चालू होतं! विमानात मी स्वतः पाहिलं, शून्य दिसत होतं.”

“मानेपाशी, छोट्या खिडकीत?”

“हो. चालू असलं की शून्य दिसतं. एकदा लावलं की बरोबर चौदा तास राहतं, मग आपोआप विझतं.”

जयमालानं खुर्ची मागं सारली आणि मुद्देमालाची नोंदवही मागवली.

४

सात वाजून दहा मिनिटांतून चौदा तास वजा करायला पोलिसी हुशारी लागत नाही. पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं.

क्लबच्या त्या सकाळच्या तक्त्यावर नऊ नावं होती. प्रत्येकापुढं ‘यंत्र मैदानावर माझ्यासमोर सुरू केले, ७.५०’ आणि सहादेव काळोखेची सही. नऊ जणांनी एकाच मिनिटाला यंत्र लावलं होतं आणि सहादेवनं ते एकाच वेळी नऊ ठिकाणी उभं राहून पाहिलं होतं. रविराजचं यंत्र खरंच सात पन्नासला लागलं असतं तर ते रात्री नऊ पन्नासला विझायला हवं होतं.

फाटक तर साडेसातला उघडतं. मग पाच दहाला ती बॅग कुठं होती?

जयमालानं दिशाला पुन्हा फोन केला. “यंत्राला जमीन कुठं आहे हे कळतं कसं?”

“हवेच्या दाबावरून. जिथं लावाल ती जमीन, असं ते धरून चालतं. म्हणून तर मैदानावरच लावायचं असतं. दुसरीकडे लावलं असेल, तर मैदानावर येऊन बंद करून पुन्हा लावायचं. पहिल्या दिवशी शिकवतात हे.”

पहाटे पाच दहाला रविराज पुणतांब्यात होता, आपल्या घरी. तिथून त्यानं गाडी काढली आणि तो मैदानावर उशिरा, पावणेआठला पोचला, हे फाटकावरच्या वहीत होतंच. जयमालानं मोबाईलवर दोन्ही ठिकाणांची उंची काढली. पुणतांबा गोदावरीच्या काठाला, अगदी खाली. पठार त्याच्यापेक्षा सुमारे हजार फूट उंच.

तिनं कागदावर एक रेघ मारली, तिच्या वर दुसरी रेघ मारली आणि मधे ‘हजार फूट’ लिहिलं. यंत्र अगदी चोख चाललं होतं. पुणतांब्याच्या जमिनीपासून साडेसातशे फुटांवर ते छत्री उघडणार होतं. ती जागा पठाराच्या पोटात अडीचशे फूट आत होती. त्याच्याआधीच ज्वारीचं रान आलं.

मारणारं कुणी नव्हतं. मात्र एका माणसाला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तो फौजी शिस्तीत खोटं बोलला होता.

५

मंगळवारी ती सहादेवसमोर बसली. त्याच्या खोलीत भिंतभर फोटो होते, प्रत्येकात तो आकाशात हसत होता. मोनिकाला तिनं मुद्दाम दारात थांबवलं होतं.

जयमालानं नोंदवही पुढं केली, मग तक्ता. सहादेवनं दोन्ही वाचलं. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

“तुम्ही त्याला यंत्र लावताना पाहिलं?”

“मॅडम, तुम्ही या खेळातल्या नाही.” तो अगदी समजुतीच्या सुरात बोलत होता. “नवीन पोरांचं मी दहादा तपासतो. पण चौदाशे उड्यांच्या माणसाला, बाबा रे, बटण लावलंस का, असं विचारायचं? तो अपमान असतो. आमच्यात कुणी कुणाला विचारत नाही.”

“मग सही कशाला करता?”

“कागद असतो म्हणून. सही सगळेच करतात.”

“आणि त्या सहीवर आच येऊ नये म्हणून ही बाई आत गेली तर चालेल.”

“तिला मी वकील देणार होतो,” सहादेव म्हणाला. लाज वाटायला हवी होती तिथं त्याला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

दारातून मोनिका बोलली. “दादा, म्या सांगितलं व्हतं तुमाला.”

ती उंबरठा ओलांडून आत आली.

“रविराजदादा दर येळंला इथं आले का आदी माज्या ताडपत्रीवर बसायचे अन् बटन बंद करून परत लावायचे. लाल दिवा लुकलुकला का दाबायचं, चार बार. मला म्हनायचे, मोनिकाताई, घरी निकिता लावून देती, तिचं तेवढंच समाधान. तिला सांगू नको इथं परत लावतो म्हनून. त्या दिवशी उशीर झाल्ता. विमान चालू व्हतं. म्या वरडले, दादा, ह्यांचं बटन ऱ्हायलं! तुमी काय म्हनला? सांगा की.”

सहादेव फोटोकडे बघत होता.

“म्हनला, पॅकरनं घड्या घालाव्यात. नऊ वाजता वारं सुटतंय, चढा. अन् रविराजदादा हसले अन् चढले.”

जयमालाला एवढा राग आला की तिला उठून उभं राहावं लागलं. “हे तू मला का नाही सांगितलंस? दोन दिवस मी आकडेमोड करतेय!”

“सांगितलं की! रविवारीच सांगितलं, ठाण्यात. पुंजारामभाऊ म्हनले, तू इमानातलं नको शिकवू, तुझ्या छत्रीचं बोल. त्यांनी लिवलंच न्हाई. अन् खाली तुमची सही हाय.”

तिची सही होती. आठ कागदांबरोबर, चहा निवायच्या आत केलेली. आपण मोठा छडा लावला असं कालपासून तिला मनातून वाटत होतं. तो छडा रविवारीच तिच्या टेबलाशी येऊन उभा होता, सुती साडीत, आणि कुणी त्याला खुर्ची दिली नव्हती. सहादेवला बोलण्याचा तिचा हक्क निम्मा तिथंच संपला. उरलेल्या निम्म्यावर तिनं त्याला गाडीत बसवलं.

६

बुधवारी दुपारी निकिता आली. तीन दिवस ती रोज येत होती. आज जयमालानं तिला बसायला लावलं.

अहवाल टाईप होऊन तयार होता. मोनिकाचं नाव त्यातून गेलं होतं, सहादेवचं आलं होतं. एक वाक्य लिहिताना मात्र जयमाला सकाळी अर्धा तास अडली होती. शेवटी तिनं लिहिलं : ‘मयत रविराज यांनी पुणतांबा येथे पहाटे ५.१० वाजता यंत्र सुरू केले.’ ते खरं नव्हतं. पण या बाईला आयुष्यभर जगायचं होतं, आणि एका शब्दानं कायद्याचं काही बिघडत नव्हतं.

“मोनिका ठुबेवर गुन्हा बसत नाही,” ती म्हणाली. “छत्री नीट भरलेली होती. कारण वेगळं आहे. तुम्ही फक्त शेवटी सही करा, मी समजावून सांगते.”

“मी वाचते आधी,” निकिता म्हणाली. तिनं वाचायला सुरुवात केली, बोट ओळीखाली धरून. एका ठिकाणी बोट थांबलं.

“इथं चूक झालीय. ‘रविराज यांनी’ नाही. मी लावलं होतं.”

“राहू द्या तसंच,” जयमाला म्हणाली.

“रोज मीच लावते.” रविवारपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. “लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं, उड्या सोडा. तर त्यांनी मला हे दाखवलं. म्हणाले, हे तू तुझ्या हातानं लाव आणि निश्चिंत राहा, मी शुद्धीवर नसलो तरी हे मला सोडणार नाही. नऊ वर्षं झाली. ताप असला तरी उठून लावते मी.”

“ताई, पुढचं नंतर वाचा.” जयमालानं कागदावर हात ठेवला.

निकितानं तो हात बाजूला केला, जोर न करता. पुढच्या परिच्छेदात पुणतांब्याची उंची होती, पठाराची होती, साडेसातशे फूट होते. तिनं तो एकदा वाचला. मग पुन्हा वरून वाचला. बाहेर एसटी येऊन थांबली आणि गेली.

“मैदानावर लावलं असतं तर उघडली असती?”

जयमालाकडे अजून एक खोटं शिल्लक होतं. ते तिच्या तोंडातून निघेना.

“उघडली असती,” ती म्हणाली, आणि घाईघाईनं पुढं बोलू लागली. “पण ते मैदानावर येऊन दर वेळी पुन्हा लावायचे. रविवारी त्यांना लावू दिलं नाही. ज्यानं घाई केली त्याच्यावर गुन्हा दाखल झालाय. तुमचा यात काहीही...”

“दर वेळी पुन्हा लावायचे?”

“हो.”

“म्हणजे मी लावलेलं कधीच उपयोगाचं नव्हतं.”

“तुमच्या समाधानासाठी...”

“मला सांगायचं होतं की त्यांनी.” तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. “एवढंच सांगायचं होतं, की इथं लावून चालत नाही. मी लावलंच नसतं. मग तिथं खिडकीत काही दिसलं नसतं, कुणीतरी थांबवलं असतं त्यांना. माझं शून्य बघून सोडलं सगळ्यांनी.”

जयमालानं पाण्याचा ग्लास पुढं केला. निकितानं तो घेतला नाही. रडलीही नाही. तिनं बोट पुन्हा त्या एका ओळीवर आणलं.

“माझी तक्रार मी मागं घेत नाही,” ती म्हणाली. “फक्त नाव बदला.”

“सहादेव काळोखेचं घातलंय.”

“त्यांचं राहू द्या. मोनिकाबाईंच्या जागी माझं घाला.”

“असं मला लिहिता येत नाही, ताई. यात तुमचा गुन्हा नाही.”

“मग तुम्ही लिहू नका. मी लिहिते.”

तिनं टेबलावरचं पेन उचललं. ‘मयत रविराज यांनी’ यावर एक सरळ रेघ मारली आणि वर, आपल्या गोल अक्षरात, आपलं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव लिहिलं. मग खाडाखोड केली तिथं सही करायची असते, हे तिच्या लक्षात आलं. तिनं तिथं सही केली, पेनाला टोपण लावलं आणि ते जयमालाच्या हातात परत दिलं.